चार बिया, सात रोपं

बाल्कनी असलेल्या प्रत्येक फ्लॅटमध्ये असला एक तरी डबा असतोच. आइस्क्रीमचा, रंगाचा, नाहीतर हँडल तुटलेली बादली. कुणीतरी कधीतरी खाता खाता त्यात बिया टोकलेल्या असतात. चिकूच्या, सीताफळाच्या, लिंबाच्या. मग एके दिवशी डब्यात हीऽऽ गर्दी! चार-पाच रोपं खांद्याला खांदा लावून उभी, सकाळच्या फास्ट लोकलसारखी. दिसायला मात्र काय मस्त दिसतं. हिरवंगार, गच्च. फोटो काढून पाठवावा असं. आणि दिसतं मस्त, म्हणूनच आपण त्याला हात लावत नाही.

पण मंडळी, फळझाड म्हणजे कोथिंबीर नव्हे. कोथिंबीर गर्दीत वाढली तरी महिनाभरात आपण ती पोह्यांवर भुरभुरणारच असतो. लिंबाला बीपासून फळापर्यंत पोहोचायला पाच-सहा वर्षं सहज लागतात, कधी त्याहूनही जास्त. तेवढी वर्षं एका डब्यात पाच जण? वन-रूम-किचनमध्ये पाच बॅचलर! पहिले सहा महिने धमाल, मग प्रत्येक जण उजेडासाठी मान लांब करत बारीक होत जातो. खाली मुळांची अशी वीण बसते की सोडवायला जावं तर तुटतं जास्त आणि हाती येतं कमी. त्यामुळे वेगळं करायचं तर लवकर. रोप वीतभर झालं की बास.

माझ्याकडची बादली साताऱ्याहून आलीय. तिथे आमच्या घराच्या मागच्या दारी लिंबाचं झाड आहे, आजोबांनी लावलेलं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. पातळ सालीचं, रसाने नुसतं भरलेलं कागदी लिंबू. आमच्या घरात लिंबू विकत आणणं हा जवळजवळ अपमान समजायचे. आता घर बिल्डरकडे जातंय. दिवाळीनंतर पाडणार. नव्या इमारतीच्या नकाशात मागच्या दाराच्या जागी पार्किंग आहे. काकांशी बोलणी, वकील, कागदपत्रं, फ्लॅट कोणाला कुठल्या मजल्यावर... सगळ्यावर चर्चा झाली. झाडाचा विषय काही निघाला नाही.

आईने तो काढलाही नाही. तिने संक्रांतीच्या सुमारास त्या झाडाची तीन लिंबं पिळली, चार टपोऱ्या बिया निवडल्या आणि ओल्या असतानाच रंगाच्या रिकाम्या बादलीत टोकल्या. (लिंबाची बी वाळवून ठेवली की तिचा उगवण्याचा दम कमी होत जातो. आईने हे कुठे वाचलं नव्हतं, पण तिला माहीत होतं.) जूनमध्ये एसटीत मांडीवर बादली घेऊन ती माझ्याकडे आली. मी रोपं मोजली. सात.

“आई, सात आहेत गं.”

“चारच टोकल्या होत्या मी. मोजून.”

“मग वरची तीन?”

“मला काय विचारतेस? जुळी असतील.”

मी हसले. मग शनिवारी गाडी काढून नर्सरीत गेले, तिथल्या काकांना विचारलं, तर ते अजिबात हसले नाहीत. “बरोबर आहे मॅडम. लिंबाचं असंच असतं. एका बीतून दोन येतात, तीन येतात.”

लिंबू-संत्र्याच्या घराण्याची ही खोड फार जुन्या काळापासून माहीत आहे. सूक्ष्मदर्शकातून जंतू बघणारा डच गृहस्थ लेव्हेनहुक, शाळेच्या पुस्तकातला, त्याने संत्र्याच्या एकाच बीत एकापेक्षा जास्त अंकुर पाहिल्याची नोंद १७१९ ची आहे. शास्त्रात याला बहुभ्रूणता म्हणतात. आणि खरी गंमत पुढेच आहे. त्या दोन-तीन अंकुरांपैकी फार तर एखादा नेहमीच्या मार्गाने आलेला असतो. म्हणजे फुलावर पराग पडला, बीज तयार झालं, नवं मूल. बाकीचे अंकुर फुटतात ते बीभोवतीच्या आईच्याच पेशींतून. त्यांच्यात परागाचा काही हिस्सा नाही. ती मुलं नाहीतच, त्या झाडाच्या हुबेहूब नकला आहेत! घराण्यातल्या सगळ्यांचं असं नाही बरं का. पपनस आणि महाळुंग यांच्या एका बीतून एकच रोप येतं. हापूसचंही तसंच, एका कोयीतून एक रोप, आणि ते हापूसच निघेल याची खात्री नाही. म्हणून तर हापूसची कलमं करावी लागतात. कागदी लिंबू मात्र स्वतःचं कलम स्वतःच करून बीत भरून ठेवतं.

हे कळल्यावर त्या रंगाच्या बादलीकडे बघायची माझी नजरच बदलली. म्हणजे साताऱ्याचं झाड दिवाळीनंतर जाणार, पण तेच झाड, त्याच्यासारखं दुसरं नव्हे, तेच, या बादलीत उभं आहे? आणि एकमेकांच्या मुळांत अडकून गुदमरतंय?

“गुटी का नाही बांधली?” काकांनी विचारलंच. बरोबर आहे. पावसाळ्यात फांदीची साल काढून ओलं शेवाळ गुंडाळलं की मुळं फुटतात, तोही नकलेचाच रस्ता. पण आमचं झाड म्हातारं आहे, निम्म्या फांद्या सल पडून वाळल्यात. शिवाय काकांनीच सांगितलं की जुन्या झाडातले बरेचसे विषाणूजन्य रोग गुटीतून नव्या झाडात जातात, बीतून सहसा उतरत नाहीत. म्हणजे आईने नकळत शहाणपणाचाच मार्ग धरला होता.

मग प्रश्न आला की नक्कल कुठली आणि मूल कुठलं? घरी बसून शंभर टक्के सांगता येत नाही, त्याला डीएनए तपासणी लागते. पण नर्सरीवाल्यांचा एक जुना ठोकताळा आहे. नागपुरी संत्र्याचे डोळे ज्या जंबेरीच्या खुंटावर भरतात, ती रोपंही अशीच बीतून येतात. त्यातली एकसारख्या उंचीची, एकसारख्या पानांची ठेवायची. फार खुजी आणि उगाच ढांगळी वाढलेली उपटून टाकायची, कारण वेगळी दिसतात ती बहुतेक परागातून आलेली असतात. आमच्या सातांत पाच एकसारखी होती. सहावं थोडं कमी, पण त्यांच्याच वळणाचं. आणि सातवं चार बोटांचं, पानं बारीक, रंग फिका. आपण सगळेच जे पहिल्यांदा उपटून फेकतो, ते.

तेच बहुधा त्या झाडाचं एकमेव खरंखुरं मूल. काका म्हणाले, “टाकून द्या.” मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बघू.

रविवारचा मुहूर्त धरला. पाऊस लागून राहिलेला, आभाळ भरलेलं, म्हणजे या कामाला आदर्श. रोप उपटताना मुळांवरचे केसासारखे बारीक तंतू तुटतातच, आणि पाणी शोषायचं खरं काम तेच करतात. वर पानं मात्र हवेत पाणी सोडत राहतात. आवक बंद, खर्च चालू... महिनाअखेरीचं आपलं अकाउंट! हवा दमट असली की हा खर्च कमी होतो. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात हा उद्योग करायचाच नाही.

आदल्या रात्री बादलीला भरपूर पाणी दिलं. सकाळी बादली आडवी करून बाजूंवर थापट्या मारल्या आणि मातीचा अख्खा गोळा अलगद बाहेर घेतला. इथे मोह होतो तो रोपाच्या मानेला धरून ओढायचा. अजिबात नको. मान मोडली की संपलं, पान फाटलं तर दुसरं येतं. तो गोळा मी टबभर पाण्यात अर्धा तास बसू दिला. माती आपोआप सुटत जाते, पाणी चहासारखं होतं आणि मुळं दिसायला लागतात. मग खालून वर, टोकाकडून बुंध्याकडे, बोटांनी विंचरत यायचं. जिथे बोट जात नाही तिथे मी विणायची सुई वापरली. लहानपणी आई माझ्या केसांतली गाठ सोडवायची, अगदी तसंच. फक्त इथे कुणी किंचाळत नाही.

एकेकट्या बियांची दोन रोपं चटकन सुटली. जुळी पाचेक मिनिटांत. अडलं ते तिळ्यांपाशी. तिघं एकाच बीतून आलेली, दोन उंच आणि मध्ये ते चार बोटांचं. बुंधे एकमेकांना चिकटलेले, आणि एका उंच रोपाचं सोटमूळ धाकट्याच्या मुळाला वेटोळं घालून गेलेलं. पाण्यात वीस मिनिटं सुई चालवली. सुटेना. अशा वेळी कुणाला तरी तोटा होणारच, फक्त कुणाला ते आपण ठरवायचं. मी धारदार कात्री घेतली आणि उंच रोपाच्या मुळाचं टोक कापलं. ओढून फाटण्यापेक्षा सरळ काप बरा, तो लवकर भरतो. त्याच्या डोक्यावरची निम्मी पानंही कमी केली, मूळ गेलं तेवढा वरचा खर्च कमी. नफ्या-तोट्याचं बघायचं तर नक्कल वाचवायला हवी होती, हे मला कळत होतं. पण नकला अजून चार होत्या, पाचही म्हणा. हे एकच.

सातही रोपं वेगवेगळ्या पिशव्यांत गेली. माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत सारख्या भागाने, खाली भोकं. बादलीत जेवढं खोड मातीवर होतं तेवढंच वर ठेवलं. लिंबाचा बुंधा मातीत पुरला गेला आणि ओल राहिली की पुढे डिंक्याला आमंत्रण. पाणी दिलं, माती हलकेच दाबली आणि सगळ्यांना सावलीत ठेवलं. धाकट्यावर पारदर्शक पिशवी टोपीसारखी घातली, आतली दमट हवा टिकावी म्हणून. दहा-बारा दिवस ऊन नाही आणि पहिला महिना रासायनिक खत तर नाहीच. आजारी माणसाला कुणी बिर्याणी देत नाही.

आणि हो, नवी पालवी आली की पानांवर कावळ्याने घाण केल्यासारखं काहीतरी दिसेल. फडक्याने पुसायला जाऊ नका, ते चालायला लागतं! लिंबावरच्या फुलपाखराची अळी असते ती. मोठ्या झाडाला तिचं काही नाही, पण सहा पानांचं रोप ती दोन दिवसांत साफ करते. मी तिला उचलून खालच्या सोसायटीतल्या कढीपत्त्यावर नेऊन सोडते. तिथे ती मजेत जेवते. २०१५ मध्ये महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं ब्लू मॉरमॉनही याच घराण्याच्या झाडांवर अंडी घालतं, त्यामुळे मारायचं जिवावर येतं.

आज अकरावा दिवस. पाच रोपं ताठ. धाकटं पिशवीच्या टोपीखाली आहे तसं आहे, पान गळालं नाही, नवं आलंही नाही. कात्री लावलेल्याने उरलीसुरली पानं टाकली. घाबरून मी त्याच्या खोडावर नखाने किंचित खरवडून बघितलं. आत हिरवं आहे. म्हणजे फेकायचं नाही, पाणी बेताने देत राहायचं.

वाटणीही झाली, तीही बिनवकिलाची. एक माझं, एक मावसबहिणीला नाशिकला, एक काकांना (त्यांनी स्वतःहून मागितलं, आई दोन मिनिटं गप्पच होती), दोन साताऱ्याला. कापलेलं आणि धाकटं सध्या माझ्याकडेच. दादाला मी फोनवर सांगितलं की पार्किंगच्या कडेला चार बाय चारची जमीन काँक्रीट न टाकता सोडायला बिल्डरशी बोल.

“ऐकणार नाही गं तो.”

“कागदांवर कुणाची सही राहिलीय?”

“आईची.”

“मग आईला फोन दे.”