स्टेरॉइड एकाएकी थांबवू नका



गेल्या अंकात एका वाचकांनी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू दुबळे होत जाणाऱ्या आजाराच्या मुलांना स्टेरॉइड देणाऱ्या आईबापांना डॉक्टरांच्या आहारी गेलेले ठरवले आणि गोळ्या सोडून मालिश करण्याचा सल्ला दिला. माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला हाच आजार आहे. जमिनीवरून उठताना तो मांड्यांवर हात रोवत, स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहतो. गोळ्यांनी चेहरा सुजतो, उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, हे डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते. लग्नकार्यात ‘किती गुटगुटीत!’ म्हणणारे नातेवाईक उरलेले सांगतात. आजार बरा होत नाही, हेही ठाऊक आहे. पण प्रेडनिसोलोन किंवा डेफ्लाझाकॉर्ट या स्टेरॉइडमुळे ही मुले साधारण दोन-तीन वर्षे जास्त चालतात, पाठीचा कणा वाकण्याचा धोका कमी होतो. हा सौदा आम्ही डोळे उघडे ठेवून केला. (पोटऱ्यांना ताण रोज मीच देते, मालिशशी माझे भांडण नाही.)

त्या सल्ल्यातली खरी जोखीम वेगळीच आहे. दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्याच्या शरीरात कॉर्टिसोल हे आवश्यक संप्रेरक पुरेसे तयार होत नाही. गोळ्या अचानक थांबल्या, तर जिवावर बेतू शकते. ज्यांना बंद करायच्याच असतील, त्यांनी कृपया डॉक्टरांच्या देखरेखीखाली डोस हळूहळू उतरवावा.

– एक आई, नाशिक