आगगाडीतील आग

आपल्या पूर्वजांनी रेल्वेला ‘आगगाडी’ हे नाव दिले, त्यात भाषेचे मोठे शहाणपण आहे. ‘रेल’ म्हणजे रूळ. तो परकीय शब्द गाडी कशावरून धावते एवढेच सांगतो. आपला शब्द ती कशाच्या बळावर धावते हे सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली, तेव्हा कोळसा, ज्वाला आणि वाफ ही सारी पाहणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होती. आम्हां कोंकणी बोलणाऱ्यांच्या घरांतूनही वडीलधारी मंडळी हाच शब्द वापरीत. पुढे वाफेचे इंजिन गेले आणि डिझेलचे आले. आता डिझेलही मागे पडत असून डोक्यावरील तारेतून येणारी वीज बहुतेक गाड्या ओढीत आहे. मग आगगाडीतील आग गेली कोठे? हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाने तो स्वतःस विचारावा, असे मला वाटते.

अलीकडे लांबच्या प्रवासाची रीत पालटली आहे. वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गाडी कॅसलरॉक, बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर अशी गावे मागे टाकीत अर्ध्याहून अधिक देश ओलांडते. इतका भूगोल एका तिकिटात मिळतो. पण डब्यातील बहुतेक मुले आणि त्यांचे पालकही खिडकीचा पडदा ओढून हातातील काचेत डोळे घालून बसलेले असतात. स्टेशन आले की ‘येथे खावयास काय मिळते’ असे विचारले जाते. पण ‘आपली गाडी कोण ओढीत आहे’ असे क्वचितच कोणी विचारतो. इंजिन पाहावयास फलाटाच्या टोकापर्यंत जाणारा मुलगा वेळ फुकट घालवितो, अशी एक समजूत आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे.

इंजिन पाहणे म्हणजे केवळ त्याचा रंग आणि आकार पाहणे नव्हे. डिझेल इंजिनाची गंमत अशी, की त्याची चाके डिझेलवर थेट फिरत नाहीत. आतील प्रचंड यंत्र प्रथम वीज निर्माण करते. ती वीज चाकांच्या आसांना जोडलेल्या मोटारींना पुरविली जाते आणि त्या मोटारी गाडी ओढतात. म्हणजे हे एक चालते-फिरते वीजघरच होय. ड्रायव्हर, ज्यांना आता लोको पायलट म्हणतात, ते नियंत्रकाची एकेक खाच पुढे सरकवितात तसतसा यंत्राचा आवाज चढत जातो. जुन्या इंजिनांच्या धुराड्यातून अशा वेळी काळ्या धुराचा लोट उठे. कारण इंधन वाढले तरी ते पुरते जाळण्याइतकी हवा पोहोचावयास क्षणभर विलंब लागे. विज्ञानाच्या तासाला शिकविलेले ज्वलन, विद्युत आणि घर्षण हे तिन्ही पाठ या एका दृश्यात एकवटलेले असतात.

हे सर्व जेथे उघड्या डोळ्यांनी दिसे, असे ठिकाण आपल्या अगदी जवळ आहे. मुरगाव बंदराला घाटमाथ्याशी जोडणारा लोहमार्ग पोर्तुगीज राजवटीत, १८८० च्या दशकात बांधला गेला. तो दीर्घकाळ मीटरगेज होता. १९९० च्या दशकात त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. पण घाटात चढ असा, की ३७ मीटर पुढे जाताना गाडीने १ मीटर वर चढावे. रस्त्यावरील मोटारीला हा चढ किरकोळ वाटेल. रेल्वेचे मात्र पोलादी चाक पोलादी रुळावर टेकलेले. तेथे घर्षण इतके थोडे, की असा चढ म्हणजे कसोटीच. म्हणून डिझेलच्या काळात चढणाऱ्या गाडीस पुढे इंजिन असतानाही मागून आणखी इंजिने जोडीत. रेल्वेच्या बोलीत त्यांना ‘बँकर’ म्हणतात. दूधसागरच्या पुलावर गाडी पोहोचली, की प्रवासी धबधबा पाहण्यात दंग होत. पण त्याच वेळी पुढील आणि मागील इंजिनांचा घोष दरीत घुमत असे, त्याकडे लक्ष देणारे थोडे.

उतरणीची कथा याहून बोधप्रद आहे. खाली निघण्यापूर्वी कॅसलरॉकला गाडी थांबवून ब्रेक तपासले जातात. कारण चढवणे कठीण असेल, पण सावरून उतरवणे त्याहून कठीण. डिझेल इंजिन उतरताना त्याच्या मोटारींकडून उलटे काम करून घेतले जाते. चाके मोटारींना फिरवितात, मोटारी वीज निर्माण करतात आणि त्या कामामुळे गाडीचा वेग आवरला जातो. ती वीज उष्णतेच्या रूपाने हवेत सोडून दिली जाते. आधुनिक विद्युत इंजिन हीच वीज तारेत परत पाठविते. ती दुसऱ्या एखाद्या गाडीच्या उपयोगी पडू शकते. प्रगती म्हणजे काय, हे समजावून देण्यास याहून चांगले उदाहरण मला तरी सापडलेले नाही.

इंजिनाच्या अंगावरील अक्षरेही वाचण्यासारखी असतात. ‘डब्ल्यूडीएम-२’ या नावातील पहिले अक्षर ब्रॉडगेजचे, दुसरे डिझेलचे, तिसरे प्रवासी आणि माल अशा मिश्र कामाचे. या जातीची पहिली इंजिने १९६२ साली अमेरिकेतील आल्को कंपनीकडून आली आणि १९६४ पासून ती वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. २६०० अश्वशक्तीच्या या इंजिनाने पुढील कित्येक दशके देशाचा भार वाहिला. १९९० च्या दशकाअखेर ४००० अश्वशक्तीची नवी जात परदेशातून आली आणि तीही लवकरच वाराणसीस बनू लागली. दोहोंचा आवाज इतका निराळा, की सरावलेला कान डोळे मिटूनही त्यांतील भेद सांगे. शिवाय प्रत्येक इंजिनावर त्याच्या शेडचे नाव लिहिलेले असते. मडगावच्या फलाटावर उभ्या उभ्या कल्याण, हुबळी, एर्नाकुलम ही नावे वाचावयास मिळत. नकाशा पाठ न करता देश समजून घेण्याचा हा एक मार्ग होता.

आता कोणी म्हणतील, की हा गतकाळाचा मोह झाला. तसे मुळीच नाही. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला आणि २०२२ साली त्याचे विद्युतीकरण पूर्ण झाले. मधली चोवीस वर्षे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत डिझेलचेच राज्य होते. रत्नागिरीजवळील करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब. अशा बोगद्यांत धूर बाहेर काढण्यासाठी मोठे पंखे बसवावे लागले. डिझेलसाठी लागणारे खनिज तेल आपण बहुतांशी परदेशातून विकत घेतो. धूर, खर्च आणि परावलंबन या तिन्ही दृष्टींनी विजेचे स्वागत करणेच शहाणपणाचे. वाराणसीचा तो कारखानाही आता मुख्यतः विजेची इंजिने बनवितो, हे योग्यच झाले.

तरीही एक गोष्ट विसरू नये. वाफेच्या काळात आग डोळ्यांना दिसत होती. डिझेलच्या काळात ती पोलादी नळकांड्यांत शिरली. पण तिचा धूर दिसत होता, तिचा आवाज ऐकू येत होता. चढावर इंजिन धापा टाकू लागले, की डब्यातील लहान मूलही समजे, की आपल्या सुखासाठी कोठे तरी काही तरी झिजत आहे, जळत आहे. विजेच्या गाडीत ही जाणीव उरत नाही. गाडी मुकाट्याने चढते आणि आपल्याला वाटते, की ती आपोआपच चढली. वस्तुतः आग विझलेली नाही. ती दूर गेली आहे इतकेच. आजही आपल्या देशातील विजेचा मोठा भाग दगडी कोळशापासून होतो. तो कोळसा कोठे तरी खणला जातो, त्याची धूळ कोणाच्या तरी अंगणात पडते, त्याची राख कोणाच्या तरी शेताजवळ साठते. सूर्य, वारा आणि पाणी यांचा वाटा वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट. पण तो वाढावा असे वाटणाऱ्याला आधी कोळशाचा वाटा ठाऊक हवा. धूर आपल्याला दिसत नाही म्हणून धूर नाही, असे मानणे हे अज्ञान होय. आणि अज्ञान जेव्हा सोयीचे असते, तेव्हा ते अधिक धोक्याचे असते.

डिझेल इंजिनाने आपल्याला नकळत एक सवय लावली होती: आपले ओझे वाहणाऱ्याकडे पाहण्याची. ते इंजिन जाईल. ती सवय जाऊ नये, एवढेच माझे मागणे आहे. यंत्रामागे माणूसही असतो. रात्री दोन वाजता सिग्नलकडे डोळे लावून बसलेला लोको पायलट, पावसाळ्यात दरड कोसळली का हे पाहत रुळावरून चालणारा गस्तवाला, ब्रेक तपासणारा कामगार ही माणसे विजेच्या युगातही तशीच जागी असतात.

विद्यार्थी मित्रहो, म्हणून तुम्हांस एक सूचना करतो. पुढील सुट्टीत प्रवासास निघाल तेव्हा सोबत एक लहानशी वही ठेवा. इंजिनाचा क्रमांक, त्यावरील शेडचे नाव, गाडी कोठे मंदावली, चढ कोठे लागला, हे तीत टिपा. तुमच्या गावात रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे काका किंवा आजोबा असतील, तर त्यांच्यापाशी बसा आणि वाफेच्या व डिझेलच्या काळात घाट कसा चढत असत ते विचारून लिहून ठेवा. ही माहिती पुष्कळदा पुस्तकांत नसते. ती माणसांबरोबर असते आणि माणसांबरोबरच जाते. अशा वह्या शाळेच्या ग्रंथालयात जमा झाल्या, तर आपल्या भागाच्या इतिहासात मोलाची भर पडेल.

‘आगगाडी’ हा शब्द जुना झाला, तो टाकून द्यावा, असे कोणी सुचविल्यास मी त्यास विरोध करीन. धूर न दिसणाऱ्या या काळात तर तो शब्द अधिकच जपला पाहिजे. आपण जेथे जेथे सुखाने पोहोचतो, तेथे आपल्याला पोहोचविण्यासाठी कोठे तरी आग पेटलेली असते आणि तिच्यापाशी कोणी तरी जागत असतो, एवढे तो शब्द आपल्याला सांगत राहील.