नकाशातील कोरी जागा

रायपूरचा अक्षांश सुमारे २१.२५ उत्तर आणि रेखांश ८१.६३ पूर्व. कीड सर्वेक्षणाच्या तक्त्यात या दोन आकड्यांची अदलाबदल झाली, तर धानावरील तपकिरी तुडतुड्यांचा प्रादुर्भाव संगणक निमूटपणे आर्क्टिक महासागरात दाखवतो. ही चूक हास्यास्पद असल्याने लगेच पकडली जाते. खरा धोका हसू न आणणाऱ्या चुकांचा असतो. २१ अंश ३० मिनिटे म्हणजे दशांशात २१.५, ते २१.३० असे लिहिले गेले, की शेत सुमारे २२ किलोमीटर दक्षिणेस सरकते. बिंदू पुन्हा धानाच्याच बांधीत पडतो आणि कोणालाही संशय येत नाही.

भौगोलिक माहिती प्रणाली शिकण्याची साधने आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर विनामूल्य आहे. इस्रोचे ‘भुवन’ आणि युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह यांची चित्रे कोणालाही पाहता येतात. परंतु प्रशिक्षणाचा आरंभ बहुधा ‘कोणते बटण दाबावे’ येथून होतो. कृषी संशोधनात त्याआधी तीन प्रश्न यायला हवेत: ही नोंद नेमकी कोठली, किती क्षेत्राची आणि जेथे नोंदच नाही तेथे काय समजायचे?

पहिल्या प्रश्नात निर्देशांक आणि प्रक्षेप येतात. यूटीएम पद्धतीत ७८ अंश पूर्व रेखांशावर विभाग बदलतो: अमरावती ४३व्या विभागात, तर वर्धा, गोंदिया आणि रायपूर ४४व्या. तुडतुड्यांना राज्याची सीमा ठाऊक नसते. गोंदियाचे धान आणि राजनांदगावचे धान त्यांच्या लेखी एकच. दोन्हीकडच्या नोंदी एका नकाशावर आणायच्या, तर त्यांची मोजण्याची चौकट आधी एक हवी.

दुसरा प्रश्न क्षेत्राचा. सेंटिनेल-२ च्या चित्रातील सर्वांत बारीक चौकोन १० मीटर बाजूचा, म्हणजे जवळपास एक गुंठ्याचा. २५० मीटरचा चौकोन सव्वासहा हेक्टरांचा, सुमारे १५ एकरांचा. तुडतुडे मात्र चुडाच्या बुंध्याशी, पाण्यालगत रस शोषतात. वरून चट्टा करपलेला दिसेपर्यंत नुकसान होऊन गेलेले असते. उपग्रह उपयुक्त आहे. बांधीत वाकून चूड हलवून पाहणाऱ्या हाताला तो पर्याय नव्हे.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. सर्वेक्षक स्वाभाविकपणे पक्क्या रस्त्याच्या कडेने जातो. त्यामुळे रायपूरच्या मैदानात बिंदूंची दाटी होते आणि बस्तरच्या पठारावर कोरी जागा राहते. ‘पाहिले, कीड आढळली नाही’ आणि ‘कोणी पाहिलेच नाही’ या दोन गोष्टी तक्त्यात वेगळ्या नोंदल्या नाहीत, तर नकाशावर त्या एकरूप होतात. मग सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून अंदाज बांधून ती जागा रंगवते आणि अज्ञानाला ज्ञानाची कळा येते. त्या रंगावरून दिलेल्या सल्ल्यामुळे एका गावात फवारणी उशिरा होते, तर दुसऱ्यात विनाकारण. विनाकारण फवारणीत कोळी आणि मिरिड ढेकणांसारखे मित्रकीटक मरतात, आणि तुडतुडे पुन्हा उसळी घेतात. चूक नकाशाची, भुर्दंड शेतकऱ्याला.

महाराष्ट्रात २००९-१० पासून राबवलेल्या क्रॉपसॅप प्रकल्पाचे बळ संगणकाइतकेच नियमित शेतभेटींत होते, हे विसरता कामा नये. रायपूरमध्ये इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय आहे आणि जवळच बरोंडा येथे राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. अशा ठिकाणच्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस संगणक कक्षात नव्हे, बांधावर जावा. संशोधकाबरोबर नोंद घेणारा क्षेत्र सहायकही तेथे असावा, कारण नकाशाची अचूकता त्याच्या वहीपासून सुरू होते. शून्य आढळले तर शून्य लिहावे. गेलो नाही तर तसे लिहावे. कोरी जागा प्रामाणिकपणे कोरी ठेवणारा नकाशाच पुढच्या आठवड्यात कोठे जायचे हे सांगू शकतो.