मुदतीचा पैसा, बिनमुदतीची आशा



ब्राह्मणपुरी-शहादा परिसरातील आपल्या पेढ्यांवर कापसाचा हंगाम सुरू झाला की प्रत्येक रुपयाला तारीख चिकटलेली असते. शेतकऱ्याचे चुकते कधी करायचे, जिनिंगवाल्याकडून येणे कधी यायचे, बँकेचे व्याज कधी भरायचे, हे सारे वहीत मांडलेले असते. याच घरांतील तरुण पिढी हल्ली मोबाईलवर शेअरची खरेदी-विक्री करते आणि बॅटरी तंत्रज्ञानातील नव्या कंपन्यांचे तिला मोठे आकर्षण आहे. आकर्षण अस्थानी नाही. विजेची वाहने येणार, त्यांना बॅटऱ्या लागणार, हे खरेच आहे. प्रश्न एवढाच की, त्या खऱ्या गोष्टीसाठी आज किती किंमत मोजावी आणि कोणत्या पैशातून?

आपल्या देशातील उदाहरण पाहू. विजेवर चालणाऱ्या दुचाकी बनविणारी आणि तमिळनाडूतील कृष्णगिरी येथे स्वतःचे बॅटरी सेल तयार करण्याचा उद्योग उभारणारी ओला इलेक्ट्रिक ही कंपनी ९ ऑगस्ट २०२४ रोजी शेअर बाजारात आली. विक्रीचा भाव ७६ रुपये होता. पंधरवडा उलटण्यापूर्वीच तो दीडशेच्या वर गेला. २०२३-२४ या वर्षी कंपनीला सुमारे १,५८४ कोटी रुपयांचा तोटा झाला होता आणि हा आकडा सर्वांसमोर होता. त्या पंधरवड्यात कारखाना दुप्पट झाला नव्हता. दुप्पट झाली होती ती अपेक्षा. नोव्हेंबरमध्ये भाव ७६ च्या खाली आला आणि जुलै २०२५ मध्ये चाळिशीच्या आसपास पोहोचला.

अमेरिकेतील क्वांटमस्केपची कथा याहून बोलकी आहे. घन सिरॅमिक पडदा वापरून लवकर भरणारी आणि कमी जागेत अधिक ऊर्जा साठविणारी बॅटरी करण्याचा या कंपनीचा प्रयत्न. फोक्सवॅगनने तिच्यात भांडवल घातले होते. नोव्हेंबर २०२० मध्ये ती बाजारात आली आणि डिसेंबरमध्ये शेअर १३० डॉलरांच्या वर गेला. विक्री मात्र शून्य होती. त्याच महिन्यात जाहीर झालेले प्रयोगाचे निष्कर्ष एकाच थराच्या सेलचे होते. मोटारीला अनेक थरांचे सेल लागतात, तेही लाखोंच्या संख्येने आणि एकसारखे. मुठीतला नमुना उत्तम, पण गाडीभर माल यायला वर्षे लागणार होती. २०२२ च्या अखेरीस तो शेअर सहा डॉलरांच्याही खाली होता. शास्त्र खोटे ठरले नव्हते. लोकांची घाई खोटी ठरली होती.

खानदेशाला हा अनुभव नवा नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस अडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तो पैसा मुंबईत समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांच्या शेअरमध्ये गेला. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. युद्ध संपले, कापूस उतरला आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचा हिशेब चुकता करताना मोठमोठ्या पेढ्या बसल्या. पुढे विसाव्या शतकात त्याच किनाऱ्यावर भराव पडला, मरीन ड्राइव्ह उभा राहिला. कल्पना खरी झाली. पण १८६४ मध्ये कर्ज काढून शेअर घेणाऱ्याच्या काही ती उपयोगी पडली नाही.

यातून आपल्या घरांसाठी एक साधा नियम निघतो. ज्या पैशाला परतीची तारीख आहे, तो तारीख नसलेल्या आशेत गुंतवू नये. शेतकऱ्याचे देणे, मालाची उधारी, मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली रक्कम हा मुदतीचा पैसा आहे. तो शेअरमध्ये अडकला आणि भाव पडला, तर नुकसान केवळ पैशाचे होत नाही. ठरल्या दिवशी पैसे न मिळालेला शेतकरी पुढील हंगामात दुसऱ्याच्या काट्यावर माल नेतो. तीन पिढ्यांनी मिळविलेली पत एका हंगामात जाते.

ज्यांच्याजवळ पाच-सात वर्षे हात न लावता ठेवता येईल अशी शिल्लक आहे, त्यांनी अशा कंपन्यांकडे जरूर पाहावे. मात्र चार प्रश्न विचारावेत : माल प्रत्यक्ष विकला जातो का? कोण घेतो? एका सेलमागे नफा की तोटा? हाती असलेली रोकड किती महिने पुरेल? उत्तरे कंपनीच्या अहवालात मिळतात. ती वाचण्याचा कंटाळा येत असेल, तर तो शेअर आपल्यासाठी नाही असे समजावे.

तरुणांना रागावून हे साधणार नाही. त्यांना शेजारी बसवून पेढीची वही दाखवावी आणि कोणत्या रुपयाला कोणती तारीख आहे, हे त्यांच्याच हाताने लिहवून घ्यावे.