पानाच्या देठाशी

कविता शिकवताना ‘पान’ म्हणजे कोवळीक, ‘माता’ म्हणजे वात्सल्य, असे आम्ही सहज सांगून टाकतो. अमेरिकेतील युटा राज्यात पॉप्लरच्या पानांवर गाठी करणाऱ्या माव्याचा थॉमस व्हिटम यांनी केलेला, १९७९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या सवयीला छेद देतो. मोठ्या पानाच्या देठालगत गाठ करणाऱ्या मादीला संतती अधिक होते; म्हणून त्या काही मिलिमीटर जागेसाठी माद्या तासन्‌तास, प्रसंगी दोन दिवस, एकमेकींना ढकलतात, लाथाडतात. हरलेली टोकाकडे सरकते. तिची पिल्ले घटतात.

शास्त्रज्ञही या मादीला ‘माता’च म्हणतात. ‘माता’ आणि ‘लढाई’ हे दोन्ही शब्द मात्र माणसाचे. प्रतिमा टाळावी असे नव्हे. ती पानावर आपण ठेवली आहे, एवढे वर्गात सांगायला हवे. आम्ही ते आजवर सांगितलेले नाही.