वेंडेल स्कॉट : चषक दिला, बाकीच्या हिशेबाचे काय?

"खेळात जात नसते, रंग नसतो, घड्याळ सगळ्यांना सारखेच" हे वाक्य आरक्षणाच्या प्रत्येक वादात कुणीतरी आपल्या तोंडावर फेकतोच. असे म्हणणाऱ्याला वेंडेल स्कॉट यांचे नाव माहीत आहे का, एवढेच विचारा. मोटारशर्यतीत मोजायचे ते काय? कोणी किती फेऱ्या मारल्या आणि कोण आधी पोचले. आणि १ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत नेमके तेच मोजताना "चूक" झाली.

स्कॉट यांचा जन्म १९२१ चा, व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा वेगळ्या, बसायच्या जागा वेगळ्या, असा तो मुलूख. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लष्कराच्या गाड्या दुरुस्त केल्या, परत येऊन रात्री चोरटी दारूही वाहिली. ही गोष्ट लपवायचे कारण नाही. 'नॅस्कार' या शर्यतसंस्थेच्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी गोरे चालक याच धंद्यातून आले. त्यांची दारू दंतकथा झाली, याची मात्र गुन्हेगारी! १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या आयोजकाला तिकिटे खपवायला एक काळा चालक हवा होता. तो पोलिसांकडे गेला. पाठलाग करून थकलेल्या पोलिसांनी स्कॉट यांचे नाव सांगितले. समतेचे दार असे, गल्ल्यासाठी उघडले.

पुढे नॅस्कारच्या मैदानांवर गेल्यावर अधिकाऱ्यांनी त्यांना परत पाठवले. गाडी हवी तर उतरव, पण ती गोरा मुलगा चालवेल, असेही सांगितले. म्हणजे कष्ट तुझे, यंत्र तुझे, सुकाणू आमच्या हातात. हे आपल्याला नवे आहे काय? शेवटी रिचमंडच्या एका खालच्या अधिकाऱ्याने परवाना दिला. १९५९ मध्ये स्कॉट आपल्या गटात राज्याचे विजेते ठरले आणि १९६१ मध्ये सर्वांत वरच्या श्रेणीत उतरले. तिथे कारखान्यांनी पोसलेले संघ होते, नवी इंजिने होती. स्कॉट यांच्याकडे दुसऱ्याने वापरून विकलेली गाडी आणि मदतनीस म्हणून स्वतःची मुले. चालक तेच, मेकॅनिकही तेच. डार्लिंग्टनच्या प्रसिद्ध मैदानाने तर त्यांना वर्षानुवर्षे आत घेतले नाही.

आता जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक, २०० फेऱ्या. शेवटच्या पंचवीसेक फेऱ्या उरल्या असताना स्कॉट यांनी रिचर्ड पेटीला मागे टाकले. शर्यत संपली, पण विजयाचा झेंडा त्यांच्यासाठी हललाच नाही. चषक दुसऱ्या क्रमांकाच्या बक बेकर या गोऱ्या चालकाच्या हाती दिला, फोटो निघाले. स्कॉट यांनी आक्षेप घेतला. लोक घरी गेल्यावर, दोनेक तासांनी, अधिकाऱ्यांना "आढळले" की स्कॉट जिंकले होते, तेही दोन फेऱ्यांच्या फरकाने. फेऱ्या तेव्हा माणसे हाताने मोजत, चूक होऊ शकते, हे मान्य. पण विजेत्याला चषक देताना गोरी सौंदर्यराणी त्याचे चुंबन घेत असे. भरल्या मैदानात काळ्या माणसाबरोबर ते दृश्य कुणाला नको होते, हे स्कॉट यांना पक्के ठाऊक होते.

इथे मला चषकाचे फारसे वाटत नाही. लाकडाची वस्तू ती. वाटते ते त्या फोटोचे, जो निघालाच नाही. विजेत्याचा फोटो छापून येतो, त्यावर पुरस्कर्ता येतो, पुरस्कर्त्याच्या पैशातून नवी गाडी येते, आणि नव्या गाडीतून पुढचा विजय. साखळीची पहिलीच कडी त्या संध्याकाळी तोडली. तरीही हा माणूस ४९५ शर्यती धावला, १४७ वेळा पहिल्या दहात आला, १९६६ मध्ये वर्षाच्या गुणतालिकेत सहावा होता. जुन्या गाडीवर! १९७३ मध्ये कर्ज काढून एकदाची बरी गाडी घेतली आणि टॅलाडेगा येथे अनेक गाड्यांच्या अपघातात ते गंभीर जखमी झाले. कारकीर्द तिथेच संपल्यात जमा. १९९० मध्ये ते वारले. चषक मिळाला नव्हता.

मग २०१५ मध्ये नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागले. ऑगस्ट २०२१ मध्ये, शंभराव्या जयंतीच्या आदल्या दिवशी, कुटुंबाला चषक दिला गेला. टाळ्या झाल्या. मेलेल्या माणसाला मान देणे व्यवस्थेला परवडते, त्याला पुरस्कर्ता द्यावा लागत नाही. आपल्या पालवणकर बाळूंच्या फिरकीचे आज सगळे गोडवे गातात. जिवंतपणी संघाने त्यांची गोलंदाजी घेतली, चहाचे भांडे मात्र वेगळे ठेवले आणि कर्णधारपद दिले नाही.

"नियमात कुठे लिहिलंय?" असे कुणी विचारले तर कागद शोधत बसू नका. पुरस्कर्ता कोणाला मिळाला, जुनी गाडी कोणाच्या वाट्याला आली आणि मोजणी करणारे कोण होते, ते विचारा.

नॅस्कारच्या वरच्या श्रेणीत दुसरा कृष्णवर्णीय विजेता झाला ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, बबा वॉलेस. जॅक्सनव्हिलनंतर जवळपास ५८ वर्षांनी. मैदान टॅलाडेगाचेच. त्यांच्या संघाच्या मालकांपैकी एक आहे बास्केटबॉलचा मायकेल जॉर्डन, आणि वॉलेस यांना गाडीखाली शिरून स्वतः पाना फिरवावा लागत नाही.