विम्याची तपासणी : आजार लपवू नका

धाटावच्या कारखान्यांत राबणारे आपले बांधव विमा काढू लागले, ही चांगली गोष्ट आहे. पण तपासणीचे नाव निघाले की काही एजंट सांगतात, "साखर आहे हे लिहू नका, हप्ता वाढेल." हा सल्ला घातकी आहे.

तपासणीत भिण्यासारखे काही नसते. उंची, वजन, रक्तदाब, लघवी, उपाशीपोटी रक्त, वयानुसार ईसीजी. चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, फॉर्म वाचूनच सही करा, प्रत मागून घ्या. खरे सांगितल्यास हप्ता वाढेल, कधी नकारही येईल. पण लपवलेला आजार दाव्याच्या वेळी बाहेर येतो. आयुर्विम्यात कलम 45 नुसार पहिली 3 वर्षे कंपनी पॉलिसीवर हरकत घेऊ शकते. तेवढ्यात कमावता माणूस गेला, तर घरच्यांच्या हाती काय?

पगार 21,000 पर्यंत असेल, तर ईएसआय लागू आहे का, हे आधी विचारा. तिथे अशी तपासणीच नाही. बाबासाहेब मजूरमंत्री असताना 1944 मध्ये आलेल्या अहवालातून ही योजना उभी राहिली. तो आपला हक्क आहे.

चौथे शील फक्त विहारात म्हणायचे नाही, विम्याच्या फॉर्मवरही पाळायचे आहे.

जय भीम!